शंभर दाण्यांचा हिशेब सर्व्हरवर का चालत नाही

मृग लागायच्या आधी विदर्भात कास्तकाराच्या घरी एक चाचणी होते. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून सरसकट १०० दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी धड कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मापानं पेरणी. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी असतील तर ते बियाणं वावरात न्यायचंच नाही. दाणे वेचून घेतलेले नसतात, ७० हा आकडा गुंडाळी उघडण्याआधीच ठरलेला असतो, आणि कोणत्या निकालावर काय करायचं हेही.

सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन लोकांच्या हाती देण्याआधी जी यांत्रिक तपासणी लावतात, तिचा सांगाडा हाच आहे. अडचण दाण्यांच्या संख्येत आहे.

समजा, यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या बाजार समित्यांसाठी कापूस-तूर विक्रीचं टोकन देणारं एक ॲप आहे. त्याचं उद्दिष्ट, म्हणजे कामाच्या भाषेत एसएलओ, असं ठरवलं: ३० दिवसांत टोकनाच्या १,००० मागण्यांपैकी ९९९ पूर्ण व्हाव्यात, आणि १०० पैकी ९५ टोकनं ३ सेकंदांच्या आत मिळावीत. दुसऱ्या अटीत 'सरासरी' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. ९५ जणांना अर्ध्या सेकंदात टोकन मिळालं आणि ५ जण ३० सेकंद ताटकळले, तरी सरासरी २ सेकंदच येते. कागदावर सगळं झकास, आणि ते पाच जण तोवर ॲप बंद करून पुन्हा उघडत बसलेले.

९९.९ टक्के म्हणजे उरलेला ०.१ टक्का चुकायची मुभा. तिला एरर बजेट म्हणतात. वेळेत मोजली तर ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद. ९९.५ टक्के धरलं तर ३ तास ३६ मिनिटं, ९९.९९ धरलं तर जेमतेम सव्वाचार मिनिटं. गूगलमध्ये २००३ नंतर उभ्या राहिलेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगच्या, म्हणजे ऑनलाइन सेवा भरवशाच्या ठेवायच्या, पद्धतीतून ही भाषा सगळीकडे पसरली. टोकनाच्या ॲपला ९९.९९ चा हट्ट धरणं आमच्या मते पैशाची नासाडी आहे. कास्तकाराच्या फोनची रेंजच त्याहून जास्त वेळा जाते.

आता दाणे. आकडेशास्त्रात एक सोपा नियम आहे: एकही अपयश न येता जितके नमुने तपासले, त्या संख्येनं ३ ला भागा. खरं अपयशाचं प्रमाण त्याहून जास्त नाही, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. १०० मागण्या बिनचूक गेल्या, तर खात्री एवढीच की अपयश ३ टक्क्यांच्या आत आहे. आपलं उद्दिष्ट तर ०.१ टक्क्याचं. म्हणजे तीसपट खराब व्हर्जनही १०० मागण्यांच्या चाचणीतून सुखरूप निसटू शकतं. ७० टक्क्यांच्या उंबरठ्याला शंभर दाणे बऱ्यापैकी पुरतात, ९९.९ साठी किमान ३,००० लागतात.

इथे हंगाम आडवा येतो. दिवाळीनंतर कापूस निघाला की त्या ॲपवर रोज ४०,००० मागण्या येतात असं धरा. नव्या व्हर्जनकडे त्यातल्या १० टक्के वळवल्या तर ४,००० होतात, एका दिवसात निकाल हाती. ऑगस्टमध्ये त्याच ॲपवर दिवसाला १,५०० मागण्या आल्या तर वाट्याला १५० येणार. ३,००० गाठायला वीस दिवस. इतकं कुणी थांबत नाही, म्हणून लोक 'अर्धा तास पाहिलं, काही लाल दिसलं नाही' म्हणून व्हर्जन सोडून देतात. त्यापेक्षा प्रश्न दोन टप्प्यांत विचारावा. ३०० मागण्यांत १ टक्क्याच्या वरचा ढोबळ बिघाड पकडायचा, मग वाटा वाढवत ३,००० पर्यंत न्यायचं. कमी पडतील त्या मागण्या मागच्या हंगामातल्या नोंदींवरून, नावं-नंबर पुसून, पुन्हा चालवून भरून काढता येतात. फक्त त्या खऱ्या टोकनांच्या यादीत जाणार नाहीत एवढं पाहायचं.

३,००० मध्ये एकही चूक नको, अशीही अट घालू नये. अगदी ०.१ टक्क्यानं चालणाऱ्या व्हर्जनकडूनही तेवढ्यात सरासरी ३ चुका होणारच; असलं ठीकठाक व्हर्जन मग २० पैकी १९ वेळा नापास होईल. अशा व्हर्जनकडून ८ किंवा जास्त चुका होण्याची शक्यता मात्र साधारण १ टक्काच असते. म्हणून ३ पर्यंत पुढे, ८ पासून मागे, मधल्यांना आणखी मागण्या, अशी वाटणी व्यवहारात चालते.

प्रत्यक्ष क्रम असा. नवं व्हर्जन एका वेगळ्या सर्व्हरवर चढवायचं. त्याच वेळी जुनं व्हर्जनही तशाच दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर नव्यानं सुरू करायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. महिनाभर चालू असलेल्या सर्व्हरची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा, भरलेली असते; त्याच्याशी तुलना केली तर नवं व्हर्जन उगाच सुस्त दिसतं. दोघांकडे सारखाच वाटा, समजा ५-५ टक्के, वळवायचा. वाटणी प्रत्येक मागणीगणिक चिठ्ठी टाकून नाही, तर खात्याच्या क्रमांकावरून करायची, म्हणजे एका कास्तकाराचा अर्धा फॉर्म नव्या आणि अर्धा जुन्या व्हर्जनवर जाणार नाही. सुरुवातीची दहा मिनिटं हिशेबात धरायची नाहीत. मग ठरलेली संख्या भरेपर्यंत थांबायचं आणि मापं ताडून पाहायची. नेटफ्लिक्स आणि गूगल यांनी २०१८ मध्ये खुलं केलेलं कायेंटा हे साधन असंच करतं: दोन्ही बाजूंच्या आकड्यांत खरोखर फरक आहे का हे पाहणारी मान-व्हिटनी ही आकडेशास्त्रातली चाचणी लावून शंभरपैकी गुण देतं.

या पद्धतीला कॅनरी म्हणतात. वणी, घुग्घूस, बल्लारपूरच्या खाणपट्ट्यात हे नाव चटकन कळावं: ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून नेत असलेला छोटा पक्षी. तिथं ही प्रथा १९८६ मध्ये थांबली. आपल्या कॅनरीचा फायदा आकड्यात पाहा. व्हर्जन पूर्ण निकामी निघालं आणि १५ मिनिटांत मागे घेतलं, तर सगळ्यांना एकदम दिलेल्या वेळी महिन्याच्या बजेटचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जळतो. ५ टक्क्यांना दिलं असेल तर पावणेदोन टक्के.

सगळ्यात फसवी चूक मात्र तपासणीच्या आतच लपलेली असते. मापं गोळा करणाऱ्या प्रोमिथियसमध्ये अपयशं भागिले एकूण मागण्या असं सूत्र लिहिलं, आणि वळवलेल्या वाट्यातून एकही मागणी आलीच नाही, तर शून्य भागिले शून्य होतं. उत्तर 'संख्या नाही'. आता 'हे ०.००१ पेक्षा मोठं आहे का?' असं विचारलं की उत्तर नकारार्थी येतं, आणि तपासणीचं फाटक उघडतं, म्हणजे व्हर्जन पुढे जातं! मागण्या न पोचणं हाच बिघाड असेल तर तोच पास झाला. म्हणून तपासणीला तीन उत्तरं हवीत: पास, नापास, आणि 'पुरेसे दाणे नाहीत'. तिसऱ्याचा अर्थ थांबा.

तपासणीवर तपासणी नसेल तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटलं, ७८ मिनिटांनी मागे घेतलं, तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. प्रोग्रामला २० रकाने अपेक्षित होते, अपडेटमध्ये होते २१. यांत्रिक तपासनीसानं फाइल पास केली होती, आणि ती टप्प्याटप्प्यानं न जाता सगळीकडे गेली.

मापायचं कुठे, हाही वाद आहे. सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेली मागणी दिसते. मेळघाटातल्या गावातून सुटलेली आणि वाटेतच विरलेली मागणी त्याच्या लेखी घडलीच नाही. त्यामुळे ॲपनं प्रत्येक प्रयत्नाची नोंद फोनमध्ये ठेवून रेंज आल्यावर पाठवायची. लागलेला वेळ मोजताना फोनच्या घड्याळावर विसंबायचं नाही, ते कुणी मागे-पुढे केलेलं असू शकतं. या नोंदी उशिरा येतात, तेव्हा फाटकासाठी सर्व्हरचे आकडे आणि बजेटच्या हिशेबात दोन्ही. एकाच माणसानं बटण पाच वेळा दाबलं तर तो एकच प्रयत्न मानायचा, त्यासाठी प्रत्येक प्रयत्नाला एक खूणक्रमांक द्यावा. चुकीचा सातबारा क्रमांक टाकल्यानं आलेला नकार अपयशात धरत नाहीत. पण असे नकार नव्या बाजूला जुन्यापेक्षा ठळकपणे जास्त असतील, तर फॉर्मच बिघडलाय असं समजावं. आणि '२००, ठीक' असा, मागणी यशस्वी झाल्याचा कोड पाठवून आत 'क्षमस्व, नंतर प्रयत्न करा' लिहिणारे सर्व्हर आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप थोतांड.

लाइट गेली-आली हा इथला खास घटक. गावाची वीज परत आली की टॉवर आणि शेकडो फोन एकदम जागे होतात, आणि साठवलेल्या मागण्या एकाच मिनिटात आदळतात. तेवढ्या मिनिटापुरतं नवं-जुनं दोन्ही खराब दिसतं. शेजारी जुन्याचा सर्व्हर ठेवल्याचा उपयोग इथे कळतो. ॲपनं पुन्हा प्रयत्न करताना मधला वेळ दुप्पट करत न्यावा आणि त्यात थोडी सोडतीनं ठरणारी सेकंदं मिसळावीत.

मागे घेणं म्हणजे रोलबॅक. सर्व्हरवर ते मिनिटाभराचं काम, फोनवर नाही. प्ले स्टोअरवर टप्प्यानं दिलेलं अपडेट थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे ते गेलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही, वरच्या क्रमांकाचं नवं व्हर्जन काढावं लागतं. म्हणून नवी सोय सर्व्हरवरच्या बटणामागे बंद ठेवून पाठवतात. डेटाबेसचंही तसंच: नव्या व्हर्जननं 'गाव' हा कॉलम काढून 'गाव-कोड' आणला आणि जुना लगेच पुसला, तर मागे फिरलेलं जुनं व्हर्जन 'गाव' शोधत पहिल्याच टोकनाला पडतं. त्यामुळे आधी नवा कॉलम वाढवायचा, काही काळ दोन्हींत लिहायचं, आणि जुना काढायचा तो खरेदी आटोपल्यावर, एप्रिल-मे मध्ये.