मरायला टेकलेल्या हार्डडिस्कवर चेकडिस्क मारू नका

एक्सटर्नल हार्डडिस्क अडकायला लागली की ग्रुपवर कोणीतरी हमखास सांगतंच, "चेकडिस्क मार, होईल सुरू." खूप वेळा वाचलंय हे आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, कारण चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारं टूल) यातला फरक कोणी सांगतच नाही.

चेकडिस्क सगळ्यांना माहितीये. लाइट गेली, केबल मधेच उपटली, फाइल सिस्टिम (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही) बिघडली पण डिस्क धडधाकट आहे, तिथे ते उत्तम. डीडीरेस्क्यू फुकट आहे, लिनक्सवर चालतं, विंडोजवाल्यांनी उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायचा, बास. कमांड टाइप करायची काळी स्क्रीन दोन्हीकडे असते, घाबरायचं काही नाही.

घोळ होतो तो इथे. चेकडिस्कला तुमच्या फोटोंचं काही पडलेलं नसतं, त्याला फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायचा असतो, आणि तो हिशोब ते त्याच आजारी डिस्कवर लिहून जुळवतं. जी नोंद वाचता आली नाही ती खराब समजून काढून टाकतं, उरलेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइली म्हणून पडतात, ना नाव ना गाव. वर कमांडला स्लॅश आर (/r) लावलं तर अख्खी डिस्क वाचत बसतं आणि खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या खराब तुकड्यांवर, वाचणारं हेड पुन्हा पुन्हा घासाघीस करत राहतं. माझ्या मावसभावाने मावशीच्या 1 टीबी डिस्कला रात्रभर असं लावून ठेवलं, सकाळी डिस्क कॉम्प्युटरला दिसेचना.

डीडीरेस्क्यू मूळ डिस्कवर काहीच लिहीत नाही. ते दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढतं, तीही हुशारीने: आधी चांगला भाग उचलून घेतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि वाईट जागांशी झुंज शेवटी. कुठपर्यंत आलो ते मॅपफाइलमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे डिस्क तापली तर बंद करा, गार होऊ द्या, तिथूनच पुढे चालू. माझ्या 500 जीबीच्या डिस्कचा बहुतेक भाग एका दुपारीत आला, शेवटच्या थोड्या एमबींनी दोन दिवस खाल्ले. मग टेस्टडिस्क, फोटोरेक अशी फाइली परत मिळवायची टूल्स काय चालवायची ती त्या प्रतीवर चालवा (फोटोरेकमध्ये फाइलींची नावं जातात, तयारी ठेवा). चेकडिस्कची फारच हौस असेल तर प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर.

कोणतं वापरायचं ते क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा, करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले सेक्टर) शून्य नसेल तर चेकडिस्कला हातही लावायचा नाही. टकटक आवाज येत असेल तर दोन्ही नको, केबल काढा आणि डेटा रिकव्हरी लॅबला द्या. आणि ते फ्रीजरमध्ये ठेवायचे सल्ले कृपा करून बंद करा, आत पाणी धरतं.

डीडीरेस्क्यूला आधी मूळ डिस्क सांगायची, मग नवी. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कचे शून्य तुमच्या फोटोंवर उमटतात. दोन्ही 1 टीबीच्या असल्या की आकारावरून कळत नाही, म्हणून मी मूळ डिस्कचा सिरियल नंबर कागदावर लिहून घेतो, स्क्रीनवरच्याशी एकेक अक्षर जुळवतो आणि मगच एंटर दाबतो.