शेतीपंपाचे अर्थिंग

पंपाची मोटार, स्टार्टर आणि त्याची पत्र्याची पेटी जाड तारेने जमिनीत पुरलेल्या पाइपाला जोडण्याची व्यवस्था. मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांचे (वाइंडिंगचे) इन्शुलेशन जळाले की वीज मोटारीच्या सांगाड्यात उतरते. तिला माणसाच्या अंगातून नव्हे, तर या पाइपातून जमिनीत जाता यावे, हा हेतू.

आय.एस. ३०४३ या भारतीय मानकानुसार हा जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किमान अडीच मीटर लांब असावा लागतो. भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वरून पाणी घालतात. पाण्याकडे उन्हाळ्यात हमखास दुर्लक्ष होते. पुणे जिल्ह्यात ते महागात पडते: इंदापूर, दौंड, बारामतीकडची काळी माती पावसाळ्यात वीज चांगली वाहून नेते, पण मे महिन्यात भेगाळून पाइपापासून सुटते. मुरमाड आणि खडकाळ रानात तर अर्थिंग बाराही महिने कच्चेच राहते.

अर्थिंग केले म्हणजे फ्यूज उडेलच, हा समज चुकीचा आहे. फेज आणि जमीन यांत सुमारे २४० व्होल्ट असतात. पंपाच्या अर्थिंगचा विजेला होणारा रोध २० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ४ ओहम धरला, तर दोषाच्या वेळी प्रवाह जेमतेम १० अँपिअर. पाच अश्वशक्तीची मोटार एरवीच सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ती झेपावी म्हणून घातलेल्या फ्यूजला हे १० अँपिअर जाणवतही नाहीत. पेटीवर मात्र २०० व्होल्ट उभे राहतात. डीपीत (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीत) फ्यूजऐवजी जाड तार पिळलेली असेल (आणि ती बऱ्याचदा असते), तर बोलायलाच नको.

म्हणून जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच हवा. त्याच्यापुढे अर्थिंग शंभर ओहमचे असले तरी भागते. दोष होताच तो क्षणार्धात वीज तोडतो.

विहिरीवर एक फेज आणि अर्थ घेऊन बल्ब लावण्याची युक्ती सर्रास दिसते. अर्थची तार पाइपापासून सुटली, की बल्ब विझतो आणि त्यातून आलेली वीज त्याच तारेने जोडलेल्या पेटीवर येते. थ्री फेज वीज पाळीने रात्रीही येते. अशा वेळी ओल्या सरीतून अनवाणी येणारा शेतकरी हात लावतो तो याच पेटीला. जुन्नर, आंबेगावात दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्यामुळे गाजते, पेटीचे नाव सहसा निघत नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला, की तो काढून वायर थेट जोडतात. दोष बहुधा पेटीत शिरलेल्या पाण्याचा किंवा बोअरमधल्या केबलच्या सांध्याचा असतो.