सेकंड हँड गाडी घेताना: नावावर होण्याची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

तीन-चार लाखांत घरच्यांसाठी वॅगनआर, सेलेरियो, आय-टेन किंवा जुनी एर्टिगा शोधणारा माणूस आधी रंग बघतो, मग किलोमीटर, मग एसी. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बघायची वेळ येते ती बहुतेकदा टोकन दिल्यावर. हा क्रम उलटा हवा. इंजिनात काही निघालं तर खर्च करून दुरुस्त होतं. पण विकणाऱ्याला गाडी तुमच्या नावावर करून देताच येत नसेल, तर गॅरेजवाला काही करू शकत नाही. खालची माहिती महाराष्ट्रातल्या खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या, चारचाकीची आहे.

पात्रता बघायची ती विकणाऱ्याची आणि गाडीची

घेणाऱ्यासाठी अटी फारशा नाहीत. ओळखीचा पुरावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्सची अट नाही, त्यामुळे लायसन्स नसलेल्या आईच्या किंवा पत्नीच्या नावावरही ती घेता येते. प्रश्न असतो तो समोरच्या बाजूचा.

आरसीवर ज्याचं नाव आहे तोच विकणारा असावा. ‘गाडी मेव्हण्याची आहे, फॉर्मवर सही करून ठेवलीय’ असं कोणी म्हणालं, तर मेव्हण्याला समोर बोलवा. कोऱ्या टीटीओ, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या, फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दोन-तीन हात फिरलेली असते आणि कागदोपत्री मालक अजून पहिलाच असतो. आता अर्ज ऑनलाइन असल्याने ओटीपी त्या पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो सापडला नाही किंवा त्याने नंबर बदलला असेल, तर अर्ज तिथेच अडकतो.

मालक वारला असेल तर मुलगा थेट तुम्हाला गाडी विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हावी लागते. मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला देणं आणि ३ महिन्यांत हा अर्ज करणं नियमात अपेक्षित आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची ना हरकत हे सगळं जमवण्यात वेळ जातो. म्हणून अशा गाडीचा सौदा वारसाच्या नावाची आरसी हातात आल्यावरच करा, तोवर इसारही देऊ नका. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचं कंपनीचं पत्र आणि शिक्का लागतो.

डीलरकडून घेत असाल तर एक वेगळी गोष्ट विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून फॉर्म २९सी भरायचा. तो भरला की डीलर त्या गाडीचा मानीव, म्हणजे कायद्याने मानलेला, मालक ठरतो आणि हस्तांतरणाचा अर्ज करू शकतो. अधिकृतता नसलेला डीलर तुमच्यासाठी फक्त मध्यस्थ असतो, काचेचं शोरूम असलं तरी.

गाडीवरचे अडथळे

परिवहन सेवा संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे दिसतं. हे काम गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून करा.

*एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा.* बँकेचा बोजा आरसीवर असेल तर कर्ज फिटलंय हे तोंडी ऐकून चालत नाही. बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५, दोन प्रतींत, हवा. बँकेच्या एनओसीला मुदत असते आणि ती साधारण तीन महिने असते. पाच वर्षांपूर्वी कर्ज फेडून एनओसी कपाटात ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना बँकेकडून नवी आणावी लागते आणि शाखा बंद किंवा विलीन झाली असेल तर शोधाशोध वाढते. कर्ज अजून चालू असेल तर तुमच्या पैशातली बाकीची रक्कम थेट कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या हातात नको.

*ई-चलान.* महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक टाकून थकीत दंड बघता येतो. मुंबई-पुणे मार्गावर रोज धावलेल्या गाडीवर वेगाची चलानं साचलेली असू शकतात. ती विकणाऱ्याने भरून पावती द्यायची. किमतीतून वजावट करून तुम्ही भरण्याचं कबूल केलं, तर नंतर उगवलेलं जुनं चलानही तुमच्याच गळ्यात येतं.

*नंबरप्लेट.* १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसलेली हवी. ती नसेल तर आरटीओत मालकी बदल आणि एचपीची कामं थांबतात. चारचाकीसाठी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. पाटीसाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, म्हणून सौदा ठरताच विकणाऱ्याला ती घ्यायला सांगा.

*वय.* खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओची तपासणी होऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे. २०११-१२ची गाडी स्वस्तात मिळते ती याचमुळे. बजेट तुटपुंजं असेल तर नोंदणीची निदान पाच-सहा वर्षं शिल्लक असलेली गाडी बघा. त्याहून जुनी गाडी घेऊन वाचवलेले पैसे तपासणीआधीच्या पत्राकामात, टायरांत आणि पीयूसीत उतरण्यासाठीच्या दुरुस्तीत जातात.

*सीएनजी.* बाहेरून बसवलेलं किट आरसीवर नोंदलेलं हवं, म्हणजे इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी दिसायला हवं. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. सिलिंडरची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला मागा आणि सिलिंडरवरची तारीख त्याच्याशी जुळवा.

*टॅक्सीची गाडी.* पिवळ्या पाटीची गाडी खासगीत बदलून विकली जाते. यात बेकायदा काही नाही, पण तिचे किलोमीटर घरगुती नसतात. आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. मारुतीच्या ‘टूर एस’ म्हणजे डिझायर, ‘टूर एम’ म्हणजे एर्टिगा आणि ‘टूर एच३’ म्हणजे वॅगनआर या टॅक्सीसाठी काढलेल्या आवृत्त्या आहेत. मागचा बिल्ला काढून टाकता येतो, आरसीवरचं नाव राहतं.

*परराज्यातलं पासिंग.* डीएल (दिल्ली) किंवा एचआर (हरियाणा) पासिंगची डिझेल गाडी इथल्यापेक्षा बरीच स्वस्त दिसते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यापासून तिथला माल बाहेर पडत राहिलाय. अशा गाडीला मूळ आरटीओची ना हरकत म्हणजे फॉर्म २८ लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो (फॉर्म २७) आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. तिथे भरलेल्या कराचा परतावा मागणं हे मूळ मालकाचं काम, आणि एकदा पैसे मिळाले की त्याला त्यात रस राहत नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घेणं कायद्याने भाग आहे. त्यामुळे ‘जीए पासिंगवरच चालवा, कोण विचारतंय’ हा गोव्याच्या गाडीबद्दलचा सल्ला कोल्हापूर-सिंधुदुर्गात सर्रास मिळत असला तरी कामाचा नाही. हा सगळा खर्च किमतीत मिळवून बघा. मध्यम बजेटात इथलीच गाडी परवडते.

प्रत्यक्ष गाडीवर काय जुळवायचं

बॉडीवर कोरलेला चॅसिस क्रमांक आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. तो कुठे कोरलाय हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कोरलेल्या जागी ग्राइंडरच्या खुणा, वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असेल तर नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढलेला हवा.

ऑगस्ट २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ला चिपळूणात पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या बाजारात विकल्या जाऊ शकतात. त्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कारण आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्या आणि फ्यूजबॉक्सचे स्क्रू बघा. आठ वर्षांच्या गाडीत सगळा कार्पेट नवाकोरा असेल तर तो का बदलला ते विचारा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मीटर ४० हजार दाखवतंय आणि टायर दुसऱ्या जोडातले निघाले, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागवायला लावा. त्यात दर वेळचं किलोमीटर असतं.

किमतीबद्दल एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. विकणारा स्वतःच्या जुन्या बिलावरून किंमत सांगतो. तुम्ही तेच मॉडेल आज नवं कितीला मिळतं तिथून मोजायला सुरुवात करा.

कागदपत्रं

विकणाऱ्याकडून: मूळ आरसी, सही केलेला फॉर्म २९ (दोन प्रती), फॉर्म ३०वर सही, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन आणि आधारची प्रत. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. तुमच्याकडून: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, फॉर्म ३०वर तुमची सही आणि कर्ज काढत असाल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३४. चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छापही घेऊन ठेवा, तो मागितला जातो. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत नोंद आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत, मग पुढचं काम.

आधारवर आताचा पत्ता नसणं हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. दुसरं म्हणजे नावातला फरक. आरसीवर वडिलांचं नाव मधे आणि आधारवर फक्त नाव-आडनाव असं असेल, तर अर्जाआधीच दुरुस्ती करा.

अर्ज

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. उशीर झाला तर दंड लागतो.

परिवहन सेवा संकेतस्थळावर वाहनविषयक सेवा, मग महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर. चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी येतो, तो आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर बंद असेल तर आधी मोबाइल नंबर अद्ययावत करण्याची सेवा वापरावी लागते. पुढे हव्या त्या सेवा एकाच अर्जात निवडता येतात: जुना बोजा काढणं, मालकी बदल, नवा बोजा चढवणं. वेगवेगळे अर्ज करण्यापेक्षा हे सोयीचं. मग घेणाऱ्याचा तपशील, विम्याचा तपशील, कागदपत्रं आणि शुल्क. दोघांचं आधार मोबाइलला जोडलेलं असेल तर काम घरबसल्या होऊ शकतं, नाहीतर कागद घेऊन आरटीओत जावं लागतं.

मोटारीच्या मालकी बदलाचं शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मं, म्हणजे ३०० रुपये. स्मार्ट कार्डचे २०० आणि टपालखर्च वेगळा. नवा बोजा चढवायचा असेल तर १,५०० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट मागतो. त्यातलं सरकारी किती आणि त्याचं किती, हे पावती मागितली की कळतं.

पैसे तीन टप्प्यांत द्या: इसारपावतीवर थोडे, अर्ज भरून दोघांचे ओटीपी झाल्यावर आणि गाडी ताब्यात घेताना मोठा हिस्सा, आणि नावबदल मंजूर झाल्यावर उरलेले. उरलेली रक्कम इतकी तरी ठेवा की विकणारा फोन उचलेल. सगळं बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे. ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहा, कारण त्या दिवशीचं चलान कोणाचं हे त्यावरून ठरतं.

विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. फेब्रुवारी २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गाडी पुढे अनेक हातांत गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. विकणारा टाळाटाळ करत असेल तर हे त्याच्या कानावर घाला.

विमा आणि फास्टॅग

गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्ष विमा कलम १५७ प्रमाणे तुमच्याकडे आपोआप येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही. ५० टक्के बोनसची पॉलिसी तुमच्या नावावर करताना तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. ‘विमा फुल आहे’ म्हणून किंमत वाढवून मागणाऱ्याला हा फरक आधी मोजून दाखवा.

फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायचा आणि काचेवरून काढायचा. तुमचा नवा टॅग नव्या आरसीवर घ्या. स्मार्ट कार्ड टपालाने आलं की नाव, पत्ता, चॅसिस क्रमांक, इंधन आणि बोजाचा रकाना लगेच वाचा. जुन्या बँकेचं नाव अजून तिथेच असेल, तर अर्ज क्रमांकासह त्याच आठवड्यात आरटीओकडे तक्रार द्या.