वारा दिसत नाही, तरी भाववाचक नाही

'जे दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही ते भाववाचक नाम', ही व्याख्या आपण सगळ्यांनी घोकली आहे. मग वर्गातलं एखादं पोर विचारतं, "बाई, वाराही दिसत नाही, मग 'विंड' अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाउन का नाही?" पोराचं बरोबर आहे. व्याख्या सोपी करता करता मूळ मुद्दाच गळून पडला.

'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'च्या मुळाशी 'ओढून काढणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. मध्ययुगातले युरोपीय तर्कपंडित 'आल्बुस' म्हणजे पांढरा आणि 'आल्बेदो' म्हणजे पांढरेपणा अशा जोड्या मांडत. खडू पांढरा असतो. त्याचा पांढरेपणा मनातल्या मनात सोलून बाजूला ठेवला, की त्याचं नाव भाववाचक. म्हणजे प्रश्न दिसण्याचा नाहीच. पांढरेपणा तर डोळ्यांनाच दिसतो!

ही सोलण्याची हत्यारं इंग्रजीत दोन घरांतून आली. 'नेस', 'हुड', 'डम', 'शिप' हे घरचे प्रत्यय. त्यातला 'डम' जुन्या इंग्रजीत निवाडा, सत्ता अशा अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, तर 'हुड' म्हणजे दर्जा, अवस्था. १०६६ साली फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडचे राजे झाले आणि पुढच्या शतकांत फ्रेंचमधून 'इटी', 'मेंट' हे पाहुणे येऊन कायमचे राहिले. म्हणून 'फ्रीडम' आणि 'लिबर्टी' एकाच भाषेत शेजारी नांदतात. 'ट्रूथ', 'डेप्थ', 'वॉर्म्थ' यांतला 'थ' मात्र आता जवळपास नवे शब्द घडवेनासा झालाय. 'कूल्थ' कुणी म्हणालंच तर गमतीनं.

आपल्याकडे हा विचार फार जुना. 'तस्य भावस्त्वतलौ' असं पाणिनीचं सूत्रच आहे: एखाद्याचा 'भाव' सांगायचा तर 'त्व' किंवा 'ता' लावा. गुरुत्व, गुरुता. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठी व्याकरण छापलं. त्या वळणाच्या व्याकरणांत विभागणी इंग्रजी असली, तरी 'भाव' हा शब्द संस्कृतातलाच. काही व्याकरणकार 'धर्मवाचक' म्हणतात आणि मला तेच नाव जास्त नेमकं वाटतं. धर्म म्हणजे इथे गुणधर्म.

तेव्हा त्या पोराला सांगायचं ते इतकंच: वारा ही वस्तू, गार हा तिचा गुण, आणि त्या गुणाला वेगळं नाव दिलं की 'गारवा'.