लहान मुलांचा मधुमेह आणि मन : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न वैद्यकाला फार उशिरा पडला. त्याआधी बराच काळ उलटाच प्रश्न विचारला जात होता : मनामुळे मधुमेह होतो का? सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने दीर्घकाळच्या दुःखाला या आजाराच्या कारणांमध्ये गणलं. पुढे १९३५ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ विल्यम मेनिंजर मधुमेहाची मुळं मनात शोधत होते, आणि ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ नावाची एक कल्पना काही दशकं चलनात राहिली. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडं तयार करतं, हे १९७४ मध्ये दिसून आल्यावर या तर्काचा पाया ढासळला. घरातून मात्र तो अजून गेलेला नाही. ‘आमचंच काही चुकलं का, गोड फार दिलं का’ हे निदानानंतर पालक आजही विचारतात. उत्तर स्पष्ट आहे : नाही. टाइप १ गोड खाण्याने होत नाही आणि धसक्यानेही होत नाही.

इन्सुलिनपूर्व काळात मुलाच्या मनाचा विचार करायला सवडच नव्हती. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन यांचा उपासमारीचा उपचार चाले. भाज्या तीनदा उकळून, दरवेळी पाणी फेकून, त्यातली साखर-पिष्ट काढून टाकायची आणि लघवीतली साखर जाईपर्यंत खाणं कमी करत न्यायचं. त्यांच्या नोंदींमधल्या एका मुलाच्या लघवीत कडक पहाऱ्यातही साखर येत राहिली. शोध घेतला तेव्हा कळलं, की तो टूथपेस्ट आणि पाळलेल्या पक्ष्याचे दाणे खात होता. त्या काळी हा प्रकार शिस्तभंग ठरायचा. मुलाच्या वागण्याकडे ‘पथ्य पाळलं की मोडलं’ एवढ्याच नजरेने पाहायची सवय इथूनच लागली, आणि इन्सुलिन आल्यावरही ती सुटली नाही.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि साखर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी तिथे पोचली, तेव्हा तिचं वजन जेमतेम २० किलो होतं. ती पुढे १९८१ पर्यंत जगली, पण आपला मधुमेह तिने आयुष्यभर जवळच्या मोजक्या माणसांखेरीज सगळ्यांपासून लपवला. जीव वाचल्यानंतरच्या ओझ्याची ही ठळक नोंद आहे. तेव्हा तिच्याकडे कुणी त्या दृष्टीने पाहिलं नाही.

पुढची जवळपास पन्नास वर्षं घरी तपासायची ती लघवी. परीक्षानळीत लघवीचे पाच थेंब, पाण्याचे दहा, वर एक गोळी. निळा रंग म्हणजे साखर नाही, हिरव्याकडून नारिंगीकडे गेला म्हणजे भरपूर. हा रंग काही तासांपूर्वीची स्थिती सांगे, त्यामुळे त्यावर ना डोस नीट ठरे, ना हायपो (साखर फार खाली जाणं) ओळखता येई. तरीही वहीत तो लिहायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. वही बघून बोलणी बसणार हे कळलेली मुलं नळाचं पाणी घालून ‘निळा’ मिळवायला शिकली. १९७० च्या दशकाच्या शेवटी घरगुती ग्लुकोमीटर आले आणि आकडे मनाने लिहिले जाऊ लागले. नंतर मीटरला स्मृती आली, तेव्हा वहीतले आणि मीटरमधले आकडे जुळत नाहीत हे उघड झालं. यात खोटारडेपणा शोधणं सोपं आहे. खरं तर ज्या आकड्यावर ओरडा मिळतो तो आकडा मूल लपवतं, एवढीच ती गोष्ट आहे.

१९७० च्याच दशकात दोषाचं बोट कुटुंबाकडे वळलं. फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुशिन आणि सहकाऱ्यांनी वारंवार कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्लं साचण्याचा गंभीर प्रकार) होणाऱ्या मुलांची घरं अभ्यासली. आईवडिलांच्या तणावाच्या संवादादरम्यान मुलांच्या रक्तातली, तणावात वाढणारी मुक्त मेदाम्लं मोजली आणि ‘सायकोसोमॅटिक कुटुंब’, म्हणजे घरातला ताण मुलाच्या शरीरात उतरवणारं कुटुंब, अशी मांडणी केली. घरातल्या भांडणाचा मुलाच्या शरीरावर परिणाम होतो, हे निरीक्षण टाकाऊ नाही. पण वारंवार बिघडणाऱ्या साखरेमागचं एक साधं कारण नजरेआड राहिलं : इन्सुलिन घेतलंच जात नव्हतं. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागात ८९ तरुण रुग्णांनी औषधाच्या दुकानातून प्रत्यक्षात किती इन्सुलिन नेलं हे संशोधकांनी तपासलं. २८ टक्के जणांनी सांगितलेल्या डोसापेक्षा कमी नेलं होतं, आणि कमी नेणाऱ्यांनाच कीटोअॅसिडोसिससाठी जास्त दाखल व्हावं लागत होतं.

प्रश्न सरळ झाला तो मारिया कोव्हॅक्स यांच्या पिट्सबर्गमधल्या अभ्यासाने. निदान झाल्यापासून ९२ मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९९७ च्या निष्कर्षानुसार दहाव्या वर्षापर्यंत सुमारे ४८ टक्के मुलांना कोणता ना कोणता मनोविकार झाला होता. तीव्र नैराश्याचं प्रमाण सुमारे २७ टक्के. धोका सर्वांत जास्त पहिल्या वर्षात होता. २०१५ मध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतल्या १७ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं : मधुमेह नसलेल्या मुलांच्या तुलनेत पहिल्या सहा महिन्यांत मनोविकाराचा धोका तिप्पट, एकूण काळात दुप्पट, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका १.७ पट. सख्ख्या भावंडांमध्ये मात्र तो जेमतेम १.१ पट निघाला. म्हणजे बोजा मुख्यतः आजाराचा आहे. घराण्याकडे बोट दाखवायला इथे फारशी जागा नाही.

उपचार सुधारले तसा हा बोजा हलका झाला असेल, असं वाटतं. तो बदलला, एवढंच म्हणता येईल. १९९३ मध्ये डीसीसीटी या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं, की एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ९ टक्क्यांऐवजी ७ च्या आसपास ठेवलं तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू वाचतात. पण त्याच गटात तीव्र हायपो तिप्पट झाले. साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमखाली गेली की अॅड्रिनलिन सुटतं आणि थरथर, घाम, धडधड सुरू होते. घबराटीची लक्षणंही हीच. त्यामुळे एकदा वर्गात बेशुद्ध पडलेलं मूल पुढे साध्या धडधडीलाही हायपो समजतं, न तपासता खातं आणि साखर मुद्दाम चढी ठेवतं. अशा वेळी क्रम पाळावा : आधी मोजायचं, कमी असेल तरच दर किलो वजनामागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आकडा ठीक असेल तर ती घबराट आहे आणि तिचा उपचार वेगळा.

पौगंडावस्थेत वाढीच्या संप्रेरकामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. सगळं नीट करूनही साखर चढते, आणि नेमकं याच वयात ‘तुझं लक्ष नाही’ हे ऐकावं लागतं. याच वयातला दुसरा सापळा खाण्याच्या विकारांचा. निदानाआधी घटलेलं वजन इन्सुलिन सुरू होताच परत येतं, आणि डोस चुकवला की वजन उतरतं हे मुलींच्या (क्वचित मुलांच्याही) लक्षात येतं. १९९७ च्या एका कॅनेडियन अभ्यासात खाण्यात गंभीर बिघाड असलेल्या तरुणींपैकी ८६ टक्के जणींच्या दृष्टिपटलात चार-पाच वर्षांत दोष आढळला. बिघाड नसलेल्यांमध्ये २४ टक्के. एचबीए१सी चढतंय आणि वजन उतरतंय, किंवा कीटोअॅसिडोसिस पुन्हा झाला, तर पहिली शंका हीच घ्यावी.

१९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या त्रासाची प्रश्नावली तयार केली आणि नैराश्याहून वेगळा असा ‘आजाराचा वैताग’ मोजता येऊ लागला. हा भेद उपयोगाचा आहे. वैतागाला नैराश्याच्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे कामाची वाटणी बदलावी लागते. बॉस्टनमध्ये बार्बरा अँडरसन यांनी नेमकं हेच करून पाहिलं. कोणतं इंजेक्शन कुणी द्यायचं, आकडा कुणी बघायचा, चढा आला तर काय बोलायचं हे पालक आणि मुलाने आधीच ठरवायचं. तेराव्या वर्षी सगळं एकदम मुलावर सोपवणं, ही त्या वयातली नेहमीची चूक. २०१६ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने मानसिक तपासणी नियमित उपचाराचाच भाग मानली : वैतागाची चौकशी साधारण सात-आठव्या वर्षापासून, खाण्याच्या विकारांची दहा ते बारा वर्षांदरम्यान.

त्वचेला लावून साखर सतत मोजणारे सेन्सर आल्यावर बोट टोचणं जवळपास संपलं. आता दर पाच मिनिटांनी आकडा येतो आणि तो आईवडिलांच्या फोनवरही दिसतो. रात्रीची धास्ती त्याने बरीच कमी केली. पण परीक्षेत असताना ‘२४० का झाली?’ असा संदेश येऊ लागला की मूल सेन्सर काढून ठेवतं. म्हणून फोनवर आकडा बघायची मुभा देण्याआधीच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात : कोणत्या मर्यादेखाली लगेच फोन करायचा, आणि चढ्या आकड्यावर किती वेळ काहीच विचारायचं नाही.