दहा-अकराचा नारद

माझ्या हत्यारांच्या पेटीतल्या दहा-अकराच्या पान्याचं नाव नारद आहे. तिन्ही लोकांत त्याचा संचार असतो, पण लागेल तेव्हा पेटीत सापडेल तर शपथ. ठिणग्या उडवत अंगावर येणारा ग्राइंडर म्हणजे दुर्वास. बटण दाबल्यावर दोन क्षण थांबून, मग मोठा उपकार केल्यासारखं घरघरायला लागणारं जुनं ड्रिल म्हणजे अर्थातच कुंभकर्ण.

हे खूळ माझं एकट्याचं नाही. जगात जिथे जिथे माणसं हत्यार हातात धरतात, तिथे तिथे ती त्यांना नावं ठेवतात, दोन्ही अर्थांनी. आणि या थट्टेत पुष्कळदा चांगलं, चोख निरीक्षण असतं.

खिळे उपटायची ती एका टोकाला वाकवलेली, टोकाशी खाच असलेली छोटी पहार घ्या. जर्मन सुतार तिला ‘गाईचा पाय’ म्हणतो. डच आणि स्वीडिश सुतारही गाईचाच पाय म्हणतात. फ्रेंच माणसाला तिथे हरिणीचा पाय दिसतो, पोर्तुगीजाला बकरीचा आणि इटालियनाला डुकराचा. गाय, हरिणी, बकरी, डुक्कर. प्राणी बदलले, पण घोडा एकाच्याही डोक्यात आला नाही. येणारच नव्हता! हे चारही प्राणी दुभंगलेल्या खुरांचे आहेत आणि घोड्याचा खूर अखंड असतो. प्राणिशास्त्रज्ञही खुरांवरून असेच गट पाडतात. सुतारांनीही वर्गीकरण बरोबर केलं होतं.

त्या खुराची करामतही खाचेतच आहे. खाच आत निमुळती होत जाते, त्यामुळे खिळा जाड असो की बारीक, कुठेतरी घट्ट अडकतोच. पुढचं काम तरफेचं. दांडा 60 सेंटीमीटर आणि टेकूपासून खिळा 3 सेंटीमीटरवर असेल, तर हाताचा जोर वीसपट होऊन खिळ्यापर्यंत पोचतो. दांड्यावर 20 किलोचा भार दिला की खिळ्याला 400 किलोची ओढ बसते. बिचारा येतो बाहेर.

प्राण्यांची ही जत्रा बरीच मोठी आहे. गाडी उचलायचा जॅक स्पॅनिशमध्ये ‘मांजर’ आहे आणि पोर्तुगीजमध्ये ‘माकड’. इंग्रजीत तो जॅक नावाचा पोरगा, म्हणजे कुठलंही काम सांगावं असा हरकाम्या गडी. लाकूड कापताना ते ज्या चौकटीवर टेकवतात तिला इंग्रज घोडा म्हणतो आणि जर्मन बोकड. चित्रकाराच्या कॅनव्हासला आधार देणाऱ्या ‘ईझल’चं मूळ डच भाषेतलं गाढव आहे. ओझं वाहायचं आणि मुकाट उभं राहायचं, ही त्याची नोकरी. मराठीत आपण बंदुकीला ‘घोडा’ लावला. त्याच यंत्रणेच्या भागांत जर्मनांना कोंबडा दिसला, फ्रेंचांना कुत्रा आणि स्पॅनिश लोकांना मांजराचं पिल्लू. कोंबडा समजू शकतो. मांजराचं पिल्लू मला अजून उलगडलेलं नाही.

आता स्क्रू पान्याकडे येऊ, कारण तिथे थट्टेचा सूरच बदलतो. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करायचा, म्हणजे एकच पाना अनेक नटांना चालतो. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि तुर्की भाषांत याचं नाव ‘इंग्लिश चावी’. जर्मनांकडेही तशाच एका पान्याला ‘इंग्रज’ म्हणतात. ग्रीक आणि इराणी लोकांच्या मते मात्र तो फ्रेंच आहे आणि डेन्मार्कमध्ये तो स्वीडिश. डेन्मार्कच्या बाजूने बोलायचं तर आज आपण वापरतो त्या घडणीचा पाना 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला योहान पेटर योहानसन या स्वीडिश संशोधकाने पेटंट करून खरोखरच लोकप्रिय केला. एकंदरीत हा पाना सगळीकडे परकाच.

इंग्रजीतल्या ‘मंकी रेंच’ची कथा आणखी मजेदार आहे. मंकी म्हणजे माकड नव्हे, तर मॉन्की आडनावाचा कारागीर, त्याने तो पाना बनवला, असं सांगतात. दुसरी कथा त्याचं श्रेय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनला देते. जॉन्सनला 1922 मध्ये एका पान्याचं पेटंट मिळालं होतं हे खरंच आहे, पण ‘मंकी रेंच’ हा शब्द त्याच्या कितीतरी दशकं आधीपासून छापला जात होता. मॉन्कीचीही गत तीच. शब्द त्याच्या पान्याहून जुना. गमतीशीर नावाला मागाहून गंभीर बाप शोधायची आपल्याला फार हौस.

या पान्याला शिव्याही भरपूर मिळतात. ‘नट गोल करणारा’ हे त्यातलं सभ्य नाव. त्यामागे साधं कारण आहे. सरकत्या जबड्यात थोडी ढिलाई राहतेच. मग पाना षटकोनी नटाच्या सपाट बाजूंना बिलगण्याऐवजी फक्त कोपऱ्यांवर टेकतो. सगळा जोर त्या एवढ्याशा जागेवर येतो, धातू दबतो, कोपरे झिजतात आणि पाना सटकून बोटांची सालटी निघतात. यावर उपाय आहे: जबडा आधी नीट आवळायचा आणि मुख्य जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूने पाना ओढायचा. पण शिव्या देणं सोपं असतं.

आणि हातोडा. इंग्रजी बोलणाऱ्या कारागिरांत मोठ्या हातोड्याला ‘समजूत घालणारा’ म्हणतात. दुसरं नाव आहे ‘बर्मिंगहॅमचा स्क्रूड्रायव्हर’. तिथले कारागीर म्हणे स्क्रूसुद्धा ठोकूनच बसवतात. बर्मिंगहॅमच्या लोकांवरचा अन्याय सोडून देऊ, पण ही दोन नावं शेजारी ठेवली की हातोडा कुठे चालतो आणि कुठे नाही, ते नेमकं कळतं. अर्ध्या किलोचा हातोडा सेकंदाला 5 मीटर वेगाने येतो आणि समजा सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबतो. तेवढ्या क्षणात सरासरी 2500 न्यूटन बल लागतं, म्हणजे जवळजवळ 250 किलोचा भार. नुसत्या हाताने दाबून एवढा जोर कुणाला जमणार नाही. गंजलेल्या नटाची समजूत पटते ती याच झटक्याने. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांच्या फटींत तो पाचरीसारखा ठासून बसतो. पण तो असतो ठिसूळ. धक्क्याने त्याला तडे जातात आणि मग पाना फिरतो. लाकडात ठोकलेल्या स्क्रूचं मात्र उलट होतं. त्याच्या आट्यांनी लाकडाचे तंतू कापत, त्यांच्यात रुतत जायचं असतं. ठोकल्यावर ते तंतू फाटतात आणि स्क्रू दिसायला बसतो, धरत काहीच नाही.

सगळीच नावं अशी हसरी नसतात. 1890 च्या दशकात खाणींमध्ये दाबाच्या हवेवर चालणारी, खडक फोडायची नव्या धाटणीची ड्रिल आली. अमेरिकेत जॉन जॉर्ज लेनर यांच्या ड्रिलमध्ये पोकळ सळईतून हवा सोडून भोकातला भुगा बाहेर उडवला जाई. काम झपाट्याने व्हायचं, पण तो भुगा ड्रिल धरणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. खडकातल्या सिलिकाचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक कण फुप्फुसांत खोलवर जातात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण साठत जातो आणि श्वास आखडत जातो. खाणकामगारांनी अशा कोरड्या ड्रिलांना नाव दिलं ‘विधवा करणारं’. सिलिकोसिस हा शब्द त्यांना ठाऊक असो वा नसो, यंत्र आणि मरण यांचा संबंध त्यांनी अचूक जोडला होता. लेनर यांनी पुढे हवेबरोबर पाणीही सळईतून सोडलं, तेव्हा धूळ उडण्याऐवजी चिखल होऊन वाहू लागली.

पण मुळात निर्जीव वस्तूला आपण नाव का देतो? आणि पेटीतल्या सगळ्याच हत्यारांना का देत नाही?

1996 मध्ये जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. त्यांच्या मेंदूत हाताचा स्पर्श आणि हाताजवळचं दृश्य या दोन्हींना प्रतिसाद देणाऱ्या काही पेशी असतात. दाताळं वापरल्यावर त्या पेशींचं ‘हाताजवळ’ दाताळ्याच्या टोकापर्यंत लांबलं. दाताळं नुसतं हातात धरून ठेवलं तर तसं होत नव्हतं. हाताशी बसलेलं हत्यार मेंदूच्या हिशेबात हातच होऊन जातं. आपल्या उजव्या हाताला कोण टोपणनाव ठेवतो?

दुसरा धागा माणसांवरच्या प्रयोगांचा. अॅडम वेट्झ, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेले निष्कर्ष असे की यंत्र जितकं बेभरवशाचं, तितकं त्याला मन आहे असं आपल्याला जास्त वाटतं. ज्यांचे संगणक वारंवार बिघडत, तेच लोक संगणकाला स्वतःच्या इच्छा आहेत असं अधिक मानत होते. ऐकणाऱ्या वस्तूमागे हेतू शोधायची गरज पडत नाही. न ऐकणारी वस्तू मात्र पुढे काय करेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो बांधायचं आपलं सगळ्यात सरावाचं साधन म्हणजे समोर कुणीतरी लहरी, हट्टी माणूस आहे असं समजणं. दुर्वास आधी माझ्या डोक्यात तयार होतो, मग ग्राइंडरमध्ये शिरतो.

हे वाचल्यावर मी पेटी पुन्हा उघडून पाहिली. सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार म्हणजे पिवळ्या मुठीचा एक स्टार स्क्रूड्रायव्हर, आणि इतक्या वर्षांत त्याला नावच नव्हतं. गेल्या आठवड्यात एका बिजागरीचा शेवटचा स्क्रू काढताना तो सटकला. स्टारच्या खाचेच्या भिंती किंचित उतरत्या असतात. जास्त जोर लावला की फिरवण्याच्या बलाचा एक भाग टोकाला बाहेर ढकलतो, आणि टोक झिजलेलं असेल तर ते लवकरच उडी मारतं. एका हाताने दार तोलून धरलेलं होतं. स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं, आणि वर्षानुवर्षांची त्याची विद्या ऐन वेळी गेली.

आता त्याचं नाव कर्ण.