जीर्णोद्धार नको, डागडुजी करा: रेड हाऊसपासून सुरू झालेला वाद

विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराच्या नावाचा वेलबुट्टीचा वॉलपेपर आज जगभर विकला जातो. यंत्रापेक्षा हातकामाला मान देणाऱ्या 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' शैलीतलं जुनं घर कुणी घेतलं, की हौसेची पहिली खरेदी बहुधा तीच असते. गंमत अशी की ही शैली जिथून सुरू झाली असं मानतात, त्या खुद्द मॉरिसच्या घरात तो राहत होता तेव्हा असला कागद नव्हता. त्याने पहिली नक्षी काढली १८६२ मध्ये. कागद बाजारात आला १८६४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी त्याने घर सोडलं. त्याच्या भिंतींवर होती चित्रं आणि भरतकाम केलेले पडदे. म्हणजे मॉरिसचा कागद लावून घर 'अगदी मूळच्यासारखं' केलं असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या सालच्या मूळच्यासारखं?

हे घर म्हणजे रेड हाऊस. लंडनच्या आग्नेयेला, केंट परगण्यात, आज बेक्सलीहीथ म्हणतात त्या भागात ते १८५९-६० मध्ये उभं राहिलं. मॉरिस पंचविशीचा, जेन बर्डनशी नुकतंच लग्न झालेलं. आराखडा फिलिप वेबचा. दोघांची ओळख जी. ई. स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या ऑक्सफर्डमधल्या कचेरीत झाली होती आणि स्वतंत्रपणे हाती घेतलेलं वेबचं हे पहिलंच काम. त्या काळच्या श्रीमंती घरांत विटांवर गिलावा चढवून दगडाचा आव आणायची पद्धत होती. वेबने लाल विटा उघड्याच ठेवल्या. उतरतं कौलारू छप्पर, इंग्रजी एल अक्षरासारखी मांडणी, कोनात विहीर, विहिरीवर टोपीसारखं निमुळतं छत. खिडक्या बाहेरून सारख्या दिसाव्यात म्हणून नाही, तर आत जिथे उजेड हवा तिथे काढलेल्या. तरी मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात घर गारठायचं. शैलीचा आद्य नमुना म्हणून गौरव करताना ही तक्रार सहसा गाळली जाते.

आतलं सामान काय आणायचं, इथे खरी पंचाईत झाली. दुकानांत मिळत होतं ते यंत्रावर काढलेलं, नको तिथे नक्षी चिकटवलेलं. मग मित्रांनीच हात घातला. एडवर्ड बर्न-जोन्सने दिवाणखान्याच्या भिंतीवर मध्ययुगीन लग्नाच्या कथेतले प्रसंग रंगवले. वराचा चेहरा मॉरिसचा, वधूचा जेनचा. सात चित्रं काढायची ठरली होती, झाली तीन. जेन आणि मैत्रिणींनी जाड निळ्या कापडावर डेझीची फुलं भरली. शनिवार-रविवारी लंडनहून पाहुणे यायचे, जेवायचे, रंगवायचे. या उद्योगातूनच १८६१ मध्ये कंपनी निघाली, तीच पुढे 'मॉरिस अँड कंपनी'. या कंपनीची सुरुवात अशी घर सजवायला काही धड मिळत नाही या चिडीतून झाली.

घर मात्र पाच वर्षांत सुटलं. मॉरिस संधिवाताच्या तापाने आजारी पडला, घरच्या पैशाचा ओघ आटला, कामासाठी रोज लंडन गाठणं झेपेना. बर्न-जोन्स दांपत्य घराला जोडून बांधायच्या नव्या भागात राहायला येणार होतं, तेही फिसकटलं. १८६५ मध्ये मॉरिस कुटुंब लंडनला गेलं. त्याच वर्षी बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना हिची बहीण अ‍ॅलिस नवऱ्याबरोबर मुंबईला आली. हा नवरा म्हणजे जॉन लॉकवुड किपलिंग, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला शिल्पशिक्षक. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची शेतकरी-कष्टकऱ्यांची उठावशिल्पं त्याचीच. हाताने काम करणारा कारागीर आणि कलावंत यांत भिंत नसावी, हा या मंडळींचा विचार एका साडूकडून इंग्लंडच्या दिवाणखान्यात रंगला, तर दुसऱ्याकडून आपल्या बाजारपेठेच्या दारावर कोरला गेला. जे. जे.च्या आवारातल्या बंगल्यासमोरून जाताना रुडयार्डची आठवण सगळे काढतात, बापाची फारसे नाही.

पुढचा धागाही मुंबईला लागतो. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे लंडनहून पाठवणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा इंग्लंडमधल्या जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार करणारा सर्वांत मोठं नाव असलेला वास्तुविशारद. जीर्णोद्धार म्हणजे काय, तर चर्च ज्या शतकातलं 'शुद्ध' वाटतं ते शतक निवडायचं, नंतरच्या लोकांनी केलेली भर काढून टाकायची, गिलावा खरवडायचा आणि उरलेलं नव्याने जुन्यासारखं बांधायचं. १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चचं काम स्कॉटकडे असल्याचं कळलं आणि मॉरिसने 'अथीनियम' साप्ताहिकाला संतापून पत्र लिहिलं. त्यातून त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था निघाली. वेब तिच्या संस्थापकांत होता. खरवडण्याला विरोध म्हणून सभासदांनी तिचं लाडकं नाव ठेवलं 'अँटी-स्क्रेप'.

त्यांचा मुद्दा साधा होता. काळाने इमारतीवर जे जे चढवलं तेही इमारतच. गेलेलं शतक कारागिराला परत आणता येत नाही, आणता येतं ते त्याचं सोंग. म्हणून जीर्णोद्धार नको, रोजची निगा घ्या. कौल निसटलं तर बसवा, पन्हळ साफ ठेवा, भिंत कलली तर टेकू द्या आणि टेकू हा टेकूच दिसू द्या. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हे पुण्यकर्म मानतात. त्या पुण्यकर्माच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासलेला आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स लागलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. मॉरिसचा राग समजायला मराठी माणसाला ट्यूक्सबरीपर्यंत जावं लागत नाही.

रेड हाऊसचं पुढे काय झालं? मालक बदलत गेले. १८८९ मध्ये ते चार्ल्स होम या व्यापाऱ्याने घेतलं. याच होमने १८९३ मध्ये 'द स्टुडिओ' हे मासिक काढलं आणि या शैलीची घरं, खुर्च्या, कापडं युरोप-अमेरिकेत पोचवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सरकारी कचेरी थाटली गेली. भोवतीच्या फळबागा गेल्या, उपनगर आलं. १९५२ मध्ये टेड आणि डोरिस हॉलंबी यांनी दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर भागीदारीत घर घेतलं. टेड स्वतः वास्तुविशारद, मॉरिसच्या कलेइतकाच त्याच्या समाजवादाचा भक्त. दोघांनी अर्धशतक घर सांभाळलं, आपण होऊन आलेल्या अनोळखी माणसांना आत घेऊन दाखवलं. आणि भिंतींवर मॉरिसचा वॉलपेपर लावला! प्रेमापोटी केलेली ही ऐतिहासिक चूक. पण आज ती चूकही पन्नास-साठ वर्षं जुनी आहे आणि अँटी-स्क्रेपच्या नियमाने पाहिलं तर तिलाही घरात जागा आहे.

२००३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. २०१३ मध्ये वरच्या मजल्यावर, मॉरिसच्या निजायच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटामागे आणि रंगाच्या थरांखाली बायबलमधल्या व्यक्तींचं मोठं भित्तिचित्र सापडलं. अ‍ॅडम आणि ईव्ह, नौकेची प्रतिकृती धरलेला नोहा, रेचल, शिडीजवळ जेकब, आणि सगळं टांगलेल्या पडद्यावर रंगवल्यासारखं. ते एका हातचं नसावं. रोझेटी, एलिझाबेथ सिडल, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन हे चित्रकार मित्र, बर्न-जोन्स आणि खुद्द मॉरिस यांच्यापैकी कुणी कोणती आकृती काढली याचे अंदाज अभ्यासक बांधतात. कपाट बसवणाऱ्याने आणि रंग फासणाऱ्याने अजाणता ते दीडशे वर्षं जपलं. खोली 'मूळ रूपात' आणण्यासाठी मधल्या काळात कुणी भिंत खरवडली असती, तर आज तिथे काहीच नसतं.

यामुळे जुन्या घरात हल्ली रंगाचा डबा उघडण्याआधी सुरी आणि भिंग लागतं. कोपऱ्यातून बारीक कपची काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की झाडाच्या वर्तुळांसारखे रंगांचे थर दिसतात. त्यातून अनेक गैरसमज गळून पडतात. या शैलीत लाकूड नेहमी गडद तपकिरीच असायचं, हा त्यातला एक. वेबनेच १८९२ ते १८९४ मध्ये ससेक्समध्ये बांधलेल्या स्टँडन या घरात भिंतीचं लाकूडकाम फिक्या रंगात रंगवलेलं आहे. दुसरा गैरसमज मेणबत्त्यांचा. स्टँडनमध्ये सुरुवातीपासून वीज होती आणि डब्ल्यू. ए. एस. बेन्सनने त्यासाठी तांब्या-पितळेचे दिवे बनवले होते.

अमेरिकेत गोष्ट उलटी झाली. तिथे लाकूड खरोखर उघडं होतं आणि पांढरा रंग हाच शत्रू ठरला. फर्निचर बनवणाऱ्या गुस्ताव्ह स्टिकलीने १९०१ मध्ये 'द क्राफ्ट्समन' हे मासिक सुरू केलं. पहिला अंक मॉरिसला वाहिलेला, दुसरा इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनला. मासिकात घरांचे आराखडे छापून यायचे आणि ज्या घराची चलती झाली त्याचं नाव बंगलो. शब्द बंगालचा. तिथलं झोपडीवजा उतरत्या छपराचं घर कंपनीच्या गोऱ्यांनी उचललं, व्हरांडा जोडला आणि देशभर नेलं. आपल्याकडे बंगला म्हणजे ऐपतीची खूण. कॅलिफोर्नियात पोचेपर्यंत तो कारकून-मास्तरांचं दीड मजली घर झाला. सीअर्स कंपनी तर १९०८ ते १९४० पर्यंत कॅटलॉगमधून घरं विकत होती, कापलेलं लाकूड आणि खिळे रेल्वेने यायचे. अशी सुमारे सत्तर हजार घरं गेली.

फॅशन ओसरल्यावर या घरांतलं लाकूड अंधारं वाटू लागलं आणि घरोघरी पांढरा रंग फासला गेला. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावातलं गॅम्बल हाऊस थोडक्यात वाचलं. ग्रीन बंधूंनी १९०८ मध्ये बांधलेल्या या घराच्या दालनात ब्रह्मी सागवान आहे, सांधे मुद्दाम दिसतील असे गोलवलेले. १९४० च्या दशकात वारस ते विकायला निघाले होते. पाहायला आलेली मंडळी आपसांत हे सगळं पांढरं करू या म्हणाली, ते कानावर पडलं आणि विक्री रद्द झाली. १९६६ मध्ये घर सार्वजनिक झालं. त्याच गावातल्या ब्लॅकर हाऊसचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. १९८५ मध्ये नव्या मालकाने ग्रीन बंधूंचे काचेचे दिवे उतरवून बाजारात काढले. शहराने घाईघाईने नियम केला, पण दिवे गेले होते. शैलीला पुन्हा भाव आला की तिची घरं सुटी करून विकली जातात, हे तेव्हा कळलं.

पांढरा रंग काढायचा म्हटलं की कारागिरीचा भाग येतो आणि इथे पुन्हा भारत भेटतो. जुन्या अमेरिकी घरांत लाकडावर बहुतेकदा चपडा लाखेचं पॉलिश असायचं. लाख जायची मुख्यत्वे भारतातून. खाली लाख असेल तर वरचा रंग तुलनेने सहज सुटतो, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून झाकल्या कोपऱ्यात घासून पाहायचं, पृष्ठभाग चिकट झाला तर लाख आहे. पॉलिश करणारा आपला कुठलाही जुना कारागीर हेच करेल. पॉलिशपेपर मात्र हातात घ्यायचा नाही. स्टिकलीच्या ओक लाकडाचा तपकिरी रंग वरून चढवलेला नव्हता. बंद खोलीत अमोनियाच्या वाफा दिल्या की ओकमधल्या टॅनिनशी रासायनिक क्रिया होऊन लाकूडच तपकिरी होतं. ही झाक वरच्या पातळ थरातच असते. घासलं की गेली. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात कोरडं घासणं म्हणजे घरभर विषारी धूळ उडवणं.

विटांचं दुखणं वेगळं. जुन्या भिंतींचे दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याचे असत. चुना विटेपेक्षा मऊ, ओल त्याच्यातून बाहेर पडते. पक्कं काम म्हणून कुणी सिमेंटने दर्जे भरले, की ओल विटेतून वाट काढते, थंडीत तिथे गोठते आणि विटेचा चेहराच निखळतो. वाड्याच्या चुनेगच्ची भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊन बसलेल्या आपल्याकडच्या माणसाला बर्फ सोडून बाकी सगळं ओळखीचं वाटेल.

आणि हिरवा रंग. २००३ मध्ये मॉरिसच्या 'ट्रेलिस' या सुरुवातीच्या कागदाचा नमुना तपासला, तेव्हा हिरव्यात आर्सेनिक निघालं. रेड हाऊस ज्या पैशावर बांधलं तो डेव्हनमधल्या ज्या खाणीतून आला, ती पुढे आर्सेनिकच्या मोठ्या उत्पादनासाठी ओळखली गेली आणि १८७१ ते १८७५ मॉरिस तिच्या संचालकांत होता. वॉलपेपरने माणसं आजारी पडतात हे डॉक्टरांचं म्हणणं त्याने थट्टेवारी नेलं होतं. कारागिराच्या हाताची एवढी काळजी करणाऱ्या माणसाचा हा कोपरा त्याच्या भक्तांना अवघड जातो. व्यवहारात एवढंच, की जुन्या हिरव्या कागदाचा तुकडा सापडला तर तो हातमोजे घालून उचलावा आणि नवा घ्यावा. नव्या कागदाची अडचण नाही. १९४० मध्ये मॉरिसची कंपनी बुडाली तेव्हा छपाईचे लाकडी ठसे सँडरसन कंपनीकडे गेले.

रेड हाऊसमधली एक गोष्ट मात्र अँटी-स्क्रेपवाल्यांनाही पेचात टाकणारी आहे. तिथल्या छतांवर साध्या भौमितिक नक्षी आहेत. गिलावा ओला असतानाच तिच्या रेघांवर टोच्याने बारीक भोकं पाडून ठेवलेली. रंग उडाला तरी भोकं राहतात. पुढे कुणीही शिडीवर चढावं, टिंबं जोडावीत आणि तीच नक्षी पुन्हा रंगवावी, अशी ती सोय. जीर्णोद्धाराला पुढे आयुष्यभर विरोध करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात पुढच्या रंगाऱ्यासाठी रांगोळीचे ठिपके काढून ठेवले होते.